कुत्रा अंगावर आला तर नेमकं काय करायचं

पळू नका. सांगायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, कळतंय मला, पण बाकीचं सगळं यावरच अवलंबून आहे. माणूस पळायला लागला की नुसता भुंकणारा कुत्राही मागे लागतो आणि पळण्यात आपण त्याला कधीच हरवू शकत नाही. शेवटच्या लोकलने उतरून चालत घरी जाणारे, पहाटे दूध-पेपर टाकणारी पोरं, वॉचमन, डिलिव्हरीवाले, या सगळ्यांसाठी खास लिहितेय, कारण मुंबईत रात्री ट्रॅफिक थांबलं की गल्ली कुत्र्यांची होते, कचराकुंडीपाशी नाहीतर मच्छी मार्केटच्या मागे टोळी बसलेलीच असते.

कुत्रा अंगावर येतोय असं दिसलं की जागच्या जागी थांबा, थोडं तिरकं उभं राहा, हात अंगाजवळ. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत पण पाठही फिरवायची नाही, नजर त्याच्या पायांकडे ठेवा. किंचाळू नका, जाड आवाजात "हाड!" म्हणा आणि मग एकेक पाऊल मागे घ्या. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं. वाकून दगड उचलल्यासारखं केलं की आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री बऱ्याचदा मागे सरकतात, पण तो अगदी जवळ आला असेल तर वाकू नका, तुमचा चेहरा सरळ त्याच्या तोंडासमोर जातो. लांबून भुंकणाऱ्यापेक्षा मला गप्प उभ्या कुत्र्याची जास्त काळजी वाटते, अंग ताठ, मानेवरचे केस उभे, ओठ वर ओढलेला. आणि उभ्या रिक्षाखाली कुत्री व्यायलेली असेल तर सरळ समोरच्या फुटपाथने जा, ती पिल्लांसाठी अंगावर येणारच.

टोळी असेल तर सगळ्यात धोका मागच्याचा. समोरचा भुंकत राहतो, तुमचं लक्ष त्याच्याकडे, आणि मागून येणारा पोटरी पकडतो, म्हणून पाठ लगेच भिंतीला, बंद शटरला, पार्क केलेल्या गाडीला लावा. गाडीच्या बोनेटवर चढता आलं तर चढा, लोक काय म्हणतील ते नंतर बघू.

हातात जे असेल ते मध्ये धरा. ऑफिसची बॅग, हेल्मेट, चप्पल. पावसाळ्यात छत्री तर फार कामाची, बटणाची असेल तर त्याच्या दिशेने फट्कन उघडा, तो दचकतो आणि तुमच्या दोघांमध्ये एक आडोसा होतो. बॅग चावायला लागला तर चावू दे, खेचाखेची न करता सोडून द्या आणि मागे सरका.

हात किंवा पाय तोंडात धरलाच तर झटका देऊन ओढू नका, ओढल्याने जखम फाटते. नाकावर जोरात मारा, डोक्यावर मारून काही होत नाही, कवटी टणक असते. खाली पडलात तर पालथे होऊन गुडघे पोटाशी घ्या, हनुवटी छातीशी, बोटं एकमेकांत अडकवून हात मानेमागे आणि कोपरांनी कान झाका. चेहरा आणि गळा वाचला पाहिजे.

बाईकवाल्यांनो, स्पीड वाढवू नका. पाय वर घेऊन, मागे बघत रेस दिली की खड्ड्यात नाहीतर डिव्हायडरवर जाता आणि चावण्यापेक्षा ते जास्त लागतं. गाडी हळू करा, गरज पडली तर थांबा, चाक थांबलं की बहुतेक कुत्र्यांचा पाठलागही थांबतो. लहान मुलांना मोठं लेक्चर नको, त्यांना स्टॅच्यूचा खेळ माहीतच असतो, कुत्रा धावत आला की स्टॅच्यू, एवढं घरी चार वेळा खेळून घ्या.

आता चावल्यावरचं, आणि इथे मी हात जोडून सांगते. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, पण वेळेत उपचार घेतले तर रेबीज टाळता येतो. आधी नळाखाली साबण लावून जखम १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटं पण खूप वाटतात. मग बेटाडीन. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, आणि टाके सहसा लगेच घालत नाहीत.

मग त्याच दिवशी हॉस्पिटल. केईएम, सायन, नायर, कूपर, कस्तुरबा, पालिकेचं जे जवळ असेल ते. रक्त आलं असेल तर नुसती लस पुरत नाही, जखमेत इम्युनोग्लोब्युलिनपण (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते स्वतःहून विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. दंडात घ्यायची लस साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, पोटातली १४ इंजेक्शनं आता कुठे राहिली नाहीत, त्यामुळे त्या भीतीने घरी बसू नका. कुत्र्याच्या कानाला कट आहे म्हणजे नसबंदी झालीय, पण त्याची लस अजून चालू आहे याची ती गॅरंटी नाही, सोसायटीतले काका कितीही म्हणोत "आपलाच आहे, काही होत नाही". कुत्रा ओळखीचा असेल तर १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण त्यासाठी पहिला डोस थांबवायचा नाही, आणि पुढचे कुठले घ्यायचे कुठले नाही ते डॉक्टरच ठरवतील.