प्रवाळांच्या टाकीत खनिजांची मात्रा आपोआप कशी द्यावी

प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातील कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन घडवतो. समुद्राच्या साठ्यात त्याने काही कमी होत नाही, पण मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमधील दीडशे-पावणेदोनशे लिटरच्या टाकीत ही घट दोन-तीन दिवसांत चाचणीत दिसू लागते. ती रोज ठरावीक प्रमाणात भरून काढण्याचे काम डोसिंग पंप करतो. पंप बसवायला तासभर पुरतो. त्याला कोणता आकडा सांगायचा हे ठरवण्यास मात्र आठवडा लागतो, आणि नवशिक्यांची घाई नेमकी त्याच आठवड्यात होते.

आधी पंपाची गरज आहे का, ते पाहावे. टाकीत केवळ मऊ प्रवाळ असतील, तर दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलणे बहुधा पुरेसे ठरते आणि पंपाचे पैसे वाचतात. सांगाडा घडवणारे दगडी प्रवाळ वाढू लागले की मात्र हाताने रोज मात्रा देणे जिकिरीचे होते. भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळसुद्धा २०२० मध्ये परवानगी घेऊनच हलवावे लागले. त्यामुळे विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे नसतील, तर प्रवाळ कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

पाणी नेमके किती आहे?

९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची टाकी कागदावर १८२ लिटरची असते. पण काठापर्यंत पाणी भरलेले नसते, दगड आणि वाळू जागा व्यापतात, आणि खाली सम्प, म्हणजे पंप वगैरे ठेवण्याची जोडटाकी, असल्यास त्यातले पाणी वेगळे धरावे लागते. टाकी प्रथम भरताना २० लिटरचे किती कॅन ओतले, हे लिहून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. पुढील हिशेबासाठी सम्पसह १६० लिटर पाणी धरले आहे.

रोजची घट मोजणे

नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग), मॅग्नेशियम सुमारे १,३०० पीपीएम आणि क्षारता, म्हणजे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी), सुमारे ७ डीकेएच असते; डीकेएच हे क्षारतेचे एकक. घरच्या टाकीत क्षारता ७.५ ते ९ यांमधील कोणत्याही एका आकड्यावर ठेवावी. तो आकडा ८ असावा की ८.५, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो रोज तेवढाच राहणे महत्त्वाचे आहे.

सांगाडा घडताना क्षारता १ डीकेएचने घटली, की कॅल्शियम सुमारे ७ पीपीएमने घटते. हे गुणोत्तर रसायनशास्त्राने बांधलेले असल्यामुळे रोज केवळ क्षारता मोजली तरी भागते, आणि तीच मोजणे शहाणपणाचेही आहे. दिवसात अर्धा डीकेएच कमी झाला, तर ८ मधली सहा टक्के घट चाचणीत स्पष्ट दिसते. त्याच दिवशी कॅल्शियम ४२० मधून जेमतेम साडेतीन पीपीएम उतरलेले असते, आणि घरगुती चाचणीसंचाला ते कळतही नाही.

चाचणीसंचावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचीच परीक्षा घ्यावी. १० लिटर आरओ पाण्यात बरोबर ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला की १० डीकेएचचे पाणी तयार होते. संचाने ते ११ दाखवले, तर पुढच्या प्रत्येक मोजणीतून त्याच प्रमाणात वजावट करावी. वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा. स्वयंपाकघरातील काटा इथे कामाचा नाही.

आता मॅग्नेशियम तपासावे. ते १,२५० पीपीएमपेक्षा कमी असेल, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरून पांढऱ्या कणांच्या रूपाने खाली बसतात, आणि मग कितीही मात्रा दिली तरी आकडे चढत नाहीत. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट वापरत असल्यास १६० लिटरमध्ये १०० पीपीएम वाढवण्यास सुमारे १३५ ग्रॅम लागते. ते दोन-तीन दिवसांत विभागून द्यावे. मॅग्नेशियमची घट फार मंद असते. त्यासाठी सुरुवातीला पंपाचे वेगळे डोके (एका द्रावणाची नळी चालवणारा भाग) राखण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा तपासून हाताने भरपाई करावी.

क्षारता अपेक्षित पातळीवर आणल्यावर तीन दिवस काहीही घालू नये आणि पाणीही बदलू नये. मोजणी रोज त्याच वेळी करावी. समजा, सोमवारी रात्री नऊला ८.५ होती आणि गुरुवारी रात्री नऊला ७ झाली, तर रोजची घट ०.५ डीकेएच झाली.

द्रावणे तयार करणे

दोन वेगळ्या कॅनमध्ये दोन द्रावणे करावीत. पहिल्यात ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा घेऊन आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्याने एकूण एक लिटर करावे. दुसऱ्यात ७३.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घेऊन तसेच एक लिटर करावे. या प्रमाणात दोन्ही द्रावणे समतोल असतात, म्हणजे दोन्हींचे सारखेच मिलिलिटर द्यावे लागतात. वेष्टनावर डायहायड्रेटऐवजी निर्जल असे लिहिले असेल, तर ५५.५ ग्रॅमच घ्यावे. ते विरघळताना पाणी चांगलेच तापते, म्हणून थोडे थोडे घालावे. सोडा घेताना बेकिंग पावडर उचलू नये, तिच्यात आम्ल आणि पिष्ट मिसळलेले असते. प्रयोगशाळेच्या शुद्धतेची रसायने प्रिन्सेस स्ट्रीट परिसरातील दुकानांत मिळतात.

खिडक्या बंद आणि एसी चालू असलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच ७.८ च्या आसपास अडकून बसतो. अशा घरात खाण्याच्या सोड्याऐवजी लिटरला ५३ ग्रॅम शुद्ध सोडियम कार्बोनेट वापरावे. क्षारता तेवढीच मिळते आणि पीएचही वर सरकतो. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १८० अंशांवर तासभर भाजला, तर ८४ ग्रॅमचे हेच ५३ ग्रॅम कार्बोनेट उरते.

कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओल ओढून घेते. जुलैत उघडे राहिलेले पाकीट आठवड्यात पेजेसारखे होते, आणि मग वजनातील पाणी किती आणि क्षार किती हे सांगता येत नाही. म्हणून ५०० ग्रॅमचे पाकीट उघडताच सगळेच्या सगळे ६.८ लिटरमध्ये विरघळवून टाकावे.

मात्रेचा हिशेब

वरील सोड्याच्या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्याची क्षारता २.८ डीकेएचने वाढवतो. म्हणून ०.५ गुणिले १६० भागिले २.८, म्हणजे सुमारे २९ मिलिलिटर सोडा आणि तितकेच कॅल्शियम, ही या टाकीची रोजची गरज झाली. पहिल्या आठवड्यात मात्र २२ मिलिलिटरच द्यावे. थोडी कमी पडलेली मात्रा दुसऱ्या दिवशी भरता येते. जास्त गेलेली काढून घेता येत नाही. रोज मोजत हळूहळू पूर्ण मात्रेवर यावे आणि नंतरचा कोणताही बदल एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक करू नये.

पंप बसवणे

डोसिंग पंपात फिरणारे रूळ मऊ नळी दाबत द्रव पुढे ढकलतात. नळ्या अंतिम जागी लावून, त्यांतील हवा काढून, मगच मापन करावे. टेबलावर केलेले मापन कॅन खाली ठेवल्यावर चुकते. पंपाला २० मिलिलिटर सोडण्यास सांगून ते अंशांकित नळकांड्यात प्रत्यक्ष मोजावे, आणि दोनदा सलग जुळेपर्यंत ही कृती करावी. नळी झिजत असल्यामुळे हेच दर दोन महिन्यांनी पुन्हा करावे लागते.

दोन्ही नळ्यांची टोके सम्पमध्ये, जोरदार प्रवाहाच्या वर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर पक्की बांधावीत. टोक पाण्यात बुडता कामा नये. माझ्या पहिल्या मांडणीत क्लिप सैल राहिली, दोन्ही टोके एकाच कोपऱ्यात सरकली, आणि सकाळी सम्पमध्ये दुधासारखे पाणी दिसले. सम्पच्या मुख्य पंपाचे मोटर-इंपेलर (फिरते पाते) व्हिनेगरमध्ये घासत त्या रविवारची दुपार गेली.

वेळापत्रकात सोडा सम तासांना आणि कॅल्शियम विषम तासांना, असे प्रत्येकी १२ हप्ते लावावेत. २९ मिलिलिटरचा एक हप्ता सुमारे २.४ मिलिलिटर येतो. स्वस्त पंप एका मिलिलिटरखाली अचूक राहत नाहीत, म्हणून हप्ते उगाच वाढवू नयेत.

डोसिंग पंप एकटाच इन्व्हर्टरवर जोडू नये. वीज गेल्यावर सम्पचा मुख्य पंप थांबतो, आणि डोसिंग मात्र स्थिर पाण्यात चालू राहते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तशी खंडितता क्वचितच येते, पण इमारतीच्या मीटरखोलीतील बिघाड त्याहून बरेच नेमाने येतात. दोन्ही पंप एकाच बोर्डावर असावेत, आणि वीज परतल्यावर घड्याळ शून्यावर गेले नाही ना, हे पाहावे.

याच कामासाठी काही जण चुन्याची निवळी बाष्पीभवनाच्या भरपाईच्या पाण्यातून देतात. ती शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची हवी, पानाच्या चुन्याची नव्हे. उदाहरणातील टाकीला रोज सुमारे पाऊण लिटर निवळी लागेल. पण मे महिन्यात पाणी भराभर उडते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत फारसे उडत नाही, त्यामुळे मात्रा प्रवाळांच्या गरजेऐवजी ऋतूवर चालते. मुंबईत मला म्हणूनच दोन द्रावणांची पद्धत अधिक भरवशाची वाटते. तिचा एक तोटा असा, की मागे मीठ उरते: या टाकीत महिन्याला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे क्षारतेत नव्हे तर खारटपणात हजारी ०.३ इतकी वाढ. रिफ्रॅक्टोमीटरने आठवड्यातून एकदा खारटपणा पाहावा आणि नियमित पाणीबदल सोडू नये.

गणपतीला दहा दिवस गावी जाताना पंपाखाली पाच लिटरचा भरलेला कॅन ठेवण्याचा मोह होतो. दहा दिवसांना २९० मिलिलिटर लागतात, तेव्हा ३५० मिलिलिटरच ठेवावेत. पंप चालू अवस्थेत अडकला, तर सोड्याने क्षारता सुमारे ६ डीकेएचने चढेल, तेही वाईटच; पण पाच लिटर गेल्यास टाकीत काहीही वाचणार नाही. निघण्यापूर्वी डोसिंगच्या प्लगला लाल चिकटपट्टी लावावी, आणि शेजारच्या काकूंना किल्ली देताना पाणी पांढरे दिसले तर केवळ तोच प्लग काढायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही, हे कागदावर लिहून टाकीच्या काचेवर चिकटवावे.