पणत्यांच्या उजेडातले रंग: माझा अनुभव

गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीकाठी काढलेले माझे फोटो पहिल्या वर्षी फार निराशाजनक आले. आईच्या हिरव्या साडीचा रंग मातकट झाला होता आणि पदराच्या सावलीत निळसर ठिपके पसरले होते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ६४०० इतकी जास्त असल्यामुळे मी सगळा दोष त्यालाच दिला, पण खरे कारण वेगळे निघाले. फोटो काळोखे काढून मी ते नंतर संगणकावर उजळले होते, त्यामुळे सावलीतला नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके, उठून दिसत होता. शिवाय पणतीच्या उजेडात निळा प्रकाश मुळातच अत्यल्प असल्याने रंगांचा तोल साधताना निळा रंग बराच वाढवावा लागतो आणि त्याच्याबरोबर त्यातले ठिपकेही वाढतात.

पुढच्या वर्षी एफ/४ ची झूम लेन्स घरी ठेवून मी ५० मिमीची एफ/१.८ लेन्स नेली, जिच्यातून सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. फोटो रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) घेतले आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा हे, चेहऱ्यावरून ठरवले, कारण फोटोत ज्योत थोडी जळाली, म्हणजे नुसती पांढरी दिसली, तरी चालते, चेहरा काळवंडता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, २५०० केल्विनवर ठेवून थोडा पिवळेपणा मुद्दाम राहू दिला. शेवटी रंगाचा नॉइज पुरता काढला, पण बारीक दाणे तसेच ठेवले. या वेळी साडीच्या काठावरची जरही स्पष्ट दिसली.