६०० मिमीची लेन्स: जोडणी, आधार, हवा आणि पावसाळा

६०० मिमीच्या लेन्समधून फुल-फ्रेम कॅमेऱ्याला आडवं जेमतेम साडेतीन अंश दिसतं. वीस मीटरवरच्या बाभळीवर कॅमेरा रोखला तर सुमारे १.२ मीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो, आणि एफ/४ एवढ्या एपर्चरवर (लेन्सच्या आतल्या छिद्रावर; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) त्यातली साधारण पाव मीटर खोलीच स्पष्ट येते. इतक्या लहान जागेवर रोखलेल्या लेन्सला हाताची थरथर, जिप्सीचं इंजिन, जमिनीवरून उठणारी गरम हवा, सगळंच मोठं होऊन दिसतं. फोटो मऊ, म्हणजे किंचित धूसर, आला की लोक लेन्सला दोष देतात आणि नवी लेन्स शोधू लागतात. आधी आधार आणि हवा तपासावी. दोष बहुधा तिथेच सापडतो.

उचलणं आणि जोडणं

सिग्माची १५०-६०० कन्टेम्पररी १.९३ किलोची आहे, निकॉनची २००-५०० एफ/५.६ कॉलरसकट (लेन्सभोवतीच्या कड्यासकट) २.३ किलोची, सोनीची ६०० मिमी एफ/४ जीएम ३.०४ किलोची, आणि डीएसएलआरच्या काळातली निकॉनची ६०० मिमी एफ/४ई तर ३.८१ किलोची. या वजनांपुढे कॅमेऱ्याची बॉडी हलकी असते. म्हणून हा सगळा संच नेहमी लेन्सच्या फुटाला, म्हणजे कॉलरखालच्या पायाला, धरून उचलायचा. बॉडीच्या ग्रिपला धरून उचललं तर पूर्ण भार माउंटच्या (लेन्स-कॅमेरा जोडणीच्या) कड्यावर आणि त्याच्या बारीक स्क्रूंवर येतो. कडं किंचित सैल झालं की लेन्स सरळ बसत नाही, आणि फोटोची एक बाजू सतत मऊ येऊ लागते. गळ्यातला पट्टाही कॅमेऱ्याच्या कड्यांना न लावता लेन्सच्या कड्यांना लावा.

जोडताना आधी लेन्स ट्रायपॉडवर घट्ट बसवा, मग कॅमेरा तिला लावा. ट्रायपॉड नसेल तर लेन्स सपाट टेबलावर आडवी ठेवून तिला एका हाताचा आधार द्या. कॅमेरा बंद करून, माउंटचं तोंड खाली धरून बॉडी कॅप काढा, खुणेला खूण जुळवा आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत फिरवा. त्यानंतर किंचित उलट फिरवून खात्री करा. अर्धवट बसलेली लेन्स फोटो काढते, पण एपर्चर दाखवत नाही किंवा मध्येच फोकस सोडते. काढतानाही आधी कॅमेरा बंद करायचा, म्हणजे थरथर कमी करणाऱ्या स्टॅबिलायझरचा काचगट जागेवर जाऊन थांबतो. बंद लेन्स हलवल्यावर आतून हलकी खडखड ऐकू येणं अनेक स्टॅबिलाइज्ड लेन्सेसमध्ये नेहमीचं आहे. त्याने घाबरून जाऊ नका.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी मधली जोडकाच) वापरायचा असेल तर तो आधी लेन्सला लावा आणि मग कॅमेऱ्याला. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो (उजेड निम्मा होतो), २ पटीचा दोन: ६०० एफ/४ ची अनुक्रमे ८४० एफ/५.६ आणि १२०० एफ/८ होते. अनेक कन्व्हर्टरांची पुढची काच बाहेर आलेली असते, त्यामुळे कंपनीच्या यादीत नसलेल्या लेन्सला ते जबरदस्तीने लावू नका. काच काचेवर आदळते. १.४ चा कन्व्हर्टर चांगल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवर विश्वासाने वापरावा. एफ/६.३ च्या झूमवर २ पटीचा कन्व्हर्टर घेण्यापेक्षा पक्ष्याच्या दिशेने तोंड असलेली सावलीतली जागा शोधणं बरं.

कॉलर, प्लेट आणि गिम्बल

बऱ्याच कंपन्यांचा मूळ फूट सपाट असतो, त्यात ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये थेट सरकणाऱ्या आर्का-स्विस पद्धतीच्या खाचा नसतात. त्याला खाली लांब प्लेट लावावी लागते. प्लेट दोन स्क्रूंनी बसणारी घ्या, कारण एका स्क्रूवर ती हळूहळू फिरते आणि लेन्स क्लॅम्पमध्ये तिरकी राहते. प्लेटच्या दोन्ही टोकांना छोटे स्टॉप-स्क्रू असतात, ते काढून टाकू नका: क्लॅम्प सैल राहिला तर लेन्स घसरून खाली पडण्यापासून तेच वाचवतात. कॉलरचा स्क्रू सैल करून कॅमेरा उभा-आडवा फिरवताना दुसरा हात लेन्सखालीच हवा. काही झूम लेन्सेसची कॉलर पूर्ण उघडते आणि निष्काळजीपणे फिरवलेली लेन्स तिच्यातून निसटू शकते.

जड लेन्स बॉल हेडवर ठेवणं धोक्याचं आहे. गाठ (आवळायचा नॉब) सैल केली की लेन्स एका बाजूला कोसळते, बोटं सापडतात, ट्रायपॉडही आडवा होतो. गिम्बल हेड, म्हणजे लेन्स झोपाळ्यासारखी तोलून धरणारं हेड, घ्या आणि त्याचा तोल नीट साधा. त्यात दोन वेगळे तोल असतात, आणि बहुतेक जण पहिलाच साधून थांबतात.

पहिला तोल पुढे-मागेचा. हूड (पुढच्या काचेवरची सावलीची नळी), कन्व्हर्टर, कॅमेरा असं प्रत्यक्ष वापरात असेल तसं सगळं लावा, लेन्स खाली-वर झुकवणारी गाठ सैल करा आणि लेन्स एका हाताने धरूनच हात सैल सोडून बघा. नाक खाली गेलं तर प्लेट मागे सरकवा. कॅमेरा खाली गेला तर पुढे. दुसरा तोल उंचीचा. लेन्स सुमारे ४५ अंश तिरकी करून हात हलका करा. ती आणखी पडत गेली तर लेन्स फिरण्याच्या अक्षापेक्षा वर आहे, तेव्हा गिम्बलची बैठक खाली घ्या. ती परत सरळ होऊ पाहत असेल तर बैठक वर घ्या. ज्या कोनात सोडाल तिथेच लेन्स थांबली, म्हणजे तोल जमला. मग किंचित घर्षण राहील एवढीच गाठ आवळा. झूम करताना पुढची नळी बाहेर येणाऱ्या लेन्सेसचा तोल झूमबरोबर बदलतो, तो तुम्ही सर्वाधिक वापरता त्या मिमीवर साधा. सोनीच्या २००-६०० सारख्या आतल्या आत झूम होणाऱ्या लेन्सला हा त्रास जवळपास होत नाही.

ट्रायपॉडचा मधला खांब वर काढू नका, आणि एक पाय लेन्सच्या दिशेने ठेवा. दोन पावलंही दूर जाणार असाल तर दोन्ही गाठी आवळून जा.

जिप्सीतली बीन बॅग

ताडोब्यात किंवा पेंचमध्ये सफारीच्या जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. तिथे इंग्रजी एच किंवा यू आकाराची बीन बॅग कामाची. ती रिकामी न्या आणि मुक्कामी पोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ किंवा हरभरे भरा. वाळू भरू नये, ती शिवणीतून झिरपून माउंटपर्यंत जाते. फार गच्च भरलेली पिशवी लेन्सला धरून ठेवत नाही, म्हणून साधारण तीन-चतुर्थांश भरा. पावसात भिजली तर त्याच दिवशी रिकामी करा, नाहीतर धान्य आंबतं.

बीन बॅगवर लेन्स ठेवताना कॉलर फिरवून फूट वर घ्या. नळी पिशवीत नीट रुतते आणि फूट मुठीसारखा हाती येतो. डावा हात लेन्सवर ठेवून हलका दाब द्या, कपाळ कॅमेऱ्याला टेकवा. चालकाला इंजिन बंद करायला सांगा, कारण चालू इंजिनाची थरथर गजातून पिशवीत आणि पिशवीतून लेन्समध्ये येते. १/५०० सेकंदाच्या शटरलाही ती फोटोत दिसते. आणि गाडीत कोणी जागा बदलत असेल तेवढ्या क्षणी शटर दाबण्यात अर्थ नाही. गाडी धावत असताना लेन्स सीटवर मोकळी ठेवू नका. मांडीवर घ्या, पट्टा अंगात राहू द्या.

पक्षी सापडणं, फोकस लागणं

नव्या माणसाला पहिली अडचण येते ती पक्षी चौकटीत सापडण्याची. झूम असेल तर २०० ला शोधा, मग ६०० ला जा. प्राइम असेल तर आधी साधारण त्याच अंतरावरच्या झाडावर फोकस करून ठेवा. फोकस फार दूरवर राहिला असेल तर पक्षी चौकटीत असूनही दिसत नाही, नुसता धूसर डाग दिसतो. दुसरा डोळा उघडा ठेवून हूडची कड पक्ष्याच्या रेषेत आणली तर लेन्स जागेवर पटकन येते.

लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारा फोकस लिमिटर हे सगळ्यात दुर्लक्षित बटण. सोनीच्या २००-६०० वर १० मीटर ते अनंत अशी मर्यादा आहे. उडणाऱ्या कापशी घारीसाठी ती लावली तर फोकस चुकल्यावर लेन्स अगदी जवळपर्यंत शोधत बसत नाही. पण झाडोऱ्यात जवळच्या पक्ष्यासाठी ती पूर्ण कक्षेवर आणायला विसरू नका. लेन्स अचानक फोकस घ्यायलाच तयार नाही, असं झालं की पहिल्यांदा हेच बटण पाहावं.

शटरसाठी जुना नियम म्हणजे निदान मिमीच्या उलट, ६०० ला १/६००. क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर तोच १/१००० च्या आसपास. स्टॅबिलायझर हाताची थरथर कमी करतो, प्राण्याची हालचाल नाही. म्हणून बसलेल्या वाघाला १/५०० चालेल, चालत्या चितळाला १/१०००, उडत्या रोहित पक्ष्याला १/२०००, आणि वेड्या राघूच्या झेपेला १/३२०० किंवा अधिक. एक्स्पोजर मॅन्युअल आणि आयएसओ ऑटो ठेवलं तर हे जमतं. आयएसओ वाढल्याने येणारे कण नंतर कमी करता येतात, हलल्याने गेलेलं पिसांचं रेखाटन परत येत नाही. गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या बगळ्याला मात्र एक्स्पोजरची भरपाई उणे २/३ द्या, नाहीतर पिसं जळतात.

स्टॅबिलायझर लागायला अर्ध्या सेकंदाचा अवधी द्या, बटण अर्धं दाबून प्रतिमा स्थिर झाली की मग पुढे. पॅनिंगला (पळत्या-उडत्या प्राण्याबरोबर कॅमेरा फिरवताना) स्टॅबिलायझरचा मोड २ वापरा. भक्कम ट्रायपॉडवर जुन्या लेन्सेसचा स्टॅबिलायझर बंद करावा. अनेक नव्या लेन्सेस ट्रायपॉड ओळखतात, तरी एकदा दोन्ही पद्धतींनी दहा-दहा फोटो काढून स्वतःच्या लेन्सचा स्वभाव पाहा. ही चाचणी सकाळी लवकर, वीस मीटरच्या आत करा. ऊन चढल्यावर केलेल्या चाचणीत लेन्सची नाही, हवेची परीक्षा होते.

हवा

तापलेली जमीन आणि वरची थंड हवा यांच्यामधून प्रकाश वाकत येतो, त्यालाच आपण मृगजळ म्हणतो. मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर दुपारी बाराला शंभर मीटरवरच्या चिंकाऱ्याचा फोटो कोणत्याही लेन्सने स्पष्ट येत नाही. शटर वाढवून, एपर्चर लहान करून, फोकस पुन्हा पुन्हा घेऊन उपयोग होत नाही. पन्नास फोटोंतला एखादा कमी वाईट असतो एवढंच. उपाय तीनच: सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास, कमी अंतर, किंवा नजर जमिनीला घासून न जाता थोडी वरून जाईल अशी जागा. उन्हाळ्यात जिप्सीच्या बॉनेटवरून फोटो काढला तर तीच गत होते.

एसी गाडीतून काढलेल्या थंड लेन्सभोवतीही असाच थर तयार होतो, लांब हूडमध्ये तो अडकून राहतो. वीस-तीस मिनिटं लेन्स बाहेर सावलीत ठेवा. दमट कोकणात आणखी त्रास: थंड काचेवर लगेच बाष्प जमतं. खोलीतून निघताना लेन्स बंद बॅगेतच ठेवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उघडा. बाष्प धरलंच तर पुसू नका, आणि ते उडेपर्यंत कॅमेऱ्यापासून लेन्स काढू नका.

सूर्य

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे पाहणं डोळ्याला कायमची इजा करतं. मिररलेसमध्ये डोळा वाचतो, पण सेन्सर आणि शटर जळू शकतं. ग्रहणासाठी खास सौर फिल्टर लागतो आणि तो पुढच्या काचेच्या पुढेच लावायचा. मागच्या ड्रॉप-इन खाचेत (लेन्सच्या मागच्या भागात छोटा फिल्टर सरकवायच्या फटीत) घातलेला फिल्टर एकवटलेल्या उष्णतेने तडकतो. ६०० एफ/४ च्या पुढच्या काचेचा व्यास १५ सेंमीच्या घरात असतो, एवढी मोठी काच किती उष्णता एका ठिपक्यात गोळा करेल याचा अंदाज बांधा. म्हणून वापर नसताना पुढचं झाकण लावा. उघडी लेन्स उन्हात खिडकीजवळ ठेवली तर कापड किंवा सीट पेटू शकते. आणि ती ड्रॉप-इन खाच रिकामी ठेवू नका. त्यातला साधा काचेचा फिल्टर हा लेन्सच्या रचनेचाच भाग असतो.

धूळ, मीठ, बुरशी

जंगलातल्या रस्त्यावर गाडी चालू असताना कन्व्हर्टर बदलू नका. नळी बाहेर येणारी झूम लेन्स धुळीत सारखी पुढे-मागे केली की हवेबरोबर धूळ आत ओढली जाते. पुढची काच साफ करताना क्रम मोडू नका: ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि तरीही डाग राहिला तरच मायक्रोफायबर. द्रवाचे दोन थेंब कापडावर घ्या, काचेवर नाही, आणि मधून कडेकडे गोल फिरवत पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलेल्या काचेवर धुळीचे कण ओरखडे काढतात.

ठाण्याच्या खाडीत होडीतून रोहित टिपून आलात तर त्याच संध्याकाळी लेन्सचं बाहेरचं अंग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. मीठ वाळून राहिलं की स्क्रू गंजतात आणि रिंगा खरखरतात. होडीत ट्रायपॉड नको, इंजिन बंद करायला लावा आणि लेन्स हातातच ठेवा.

जून ते सप्टेंबर लेन्स फोमच्या किंवा चामड्याच्या बॅगेत बंद ठेवू नका; त्या ओल धरतात आणि बुरशीला खाद्य मिळतं. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. नसेल तर रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की ते कंपनीने सांगितलेल्या तापमानाला तापवून पुन्हा वापरा. आर्द्रता ३० च्या खालीही नेऊ नका, वंगण आणि रबर कोरडं पडतं. पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढा, झूम आणि फोकस रिंग फिरवा, आणि मागून टॉर्च मारून काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते बघा. दिसले तर ती लेन्स इतर लेन्सेसपासून वेगळी ठेवा आणि लगेच सर्व्हिसला द्या. सुरुवातीची बुरशी साफ होते. कोटिंग खाल्लं गेलं की डाग कायमचा राहतो.