लॅपटॉपला हार्ड कव्हर घातलंय? मग या चुका टाळा

मे महिन्यात इंजिनिअरिंगची एक मुलगी दुकानात आली. "भाऊ, चार्जर गेला वाटते. कधी चार्ज होते, कधी होत नाही. नवीनच घ्या लागते का?" ॲपलच्या एम१ चिपची मॅकबुक एअर होती, वर गुलाबी, अर्धपारदर्शक हार्ड कव्हर. चार्जर लावला, वायर जरा हलवली की चार्जिंग बंद. मग खालचं कव्हर काढलं आणि तोच चार्जर पुन्हा लावला. चालू! कव्हरचं पोर्टजवळचं भोक केसभर सरकलेलं होतं, त्यामुळे पिन पूर्ण आत बसतच नव्हती. नव्या चार्जरचे पैसे वाचले म्हणून ती खूश. मी मात्र कव्हरच्या आत साचलेला धुळीचा थर बघत होतो.

नागपुरात बर्डीवर लॅपटॉप दुरुस्त करताना हे इतक्यांदा पाहिलंय की आता आलेला लॅपटॉप कव्हर उतरवल्याशिवाय मी तपासतच नाही. माझं मत सरळ आहे. क्लिपने बसणारं हे कडक प्लास्टिक ओरखड्यांपासून वाचवतं, पडण्यापासून नाही. धक्का सोसायला दबणारी वस्तू लागते, फोम किंवा जाड रबर. पातळ कडक प्लास्टिक दबत नाही, ते धक्का पुढे लॅपटॉपलाच देतं.

सगळं खापर उष्णतेवर फोडू नका

"कव्हरमुळे लॅपटॉप तापतो" हे अर्धंच खरं आहे. पंखा असलेल्या मॅकबुकमध्ये गरम हवा मुख्यतः हिंजच्या, म्हणजे झाकणाच्या बिजागरीच्या, बाजूने बाहेर जाते आणि चांगल्या कव्हरमध्ये ती जागा मोकळी असते. एम१पासून पुढच्या एअरला मात्र पंखाच नाही. तिथे ॲल्युमिनियमची बॉडीच उष्णता बाहेर टाकते, आणि तिला प्लास्टिक घालणं म्हणजे नवतप्यात स्वेटर घालून बसणं. विंडोज लॅपटॉपची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची हवा बहुतेक वेळा खालच्या जाळीतून आत जाते. तिथे कुठलंही 'सगळ्यांना बसणारं' कव्हर लावलं किंवा जाळीवरून स्किन चिकटवली, तर पंखा बिचारा नुसता ओरडतो.

ॲपल मॅकबुक वापरण्यासाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सांगते, आणि बंद करून ठेवायला जास्तीत जास्त ४५. आपल्याकडे २०१३च्या मेमध्ये ४७.९ नोंदलं गेलंय. उन्हात उभ्या कारमध्ये किती होत असेल, विचारच नको. ॲक्टिव्हाच्या पायदानावर दुपारी दोन वाजता लॅपटॉपची बॅग ठेवून मनीष नगरहून सदरला जाणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. कूलरसमोर बसून काम करणाऱ्यांना एक जोड-सूचना: लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांमधून उडणारे बारीक थेंब आणि दमट हवा पंख्यावाटे आत ओढली जाते.

शंका असेल तर घरीच तपासा. अर्धा तास व्हिडिओ कॉल किंवा एखादं जड काम कव्हरसह करा. लॅपटॉप थंड होऊ द्या आणि त्याच खोलीत तेच काम कव्हर काढून करा. पंख्याचा आवाज आणि काम मंदावतंय का, एवढ्यावर लक्ष ठेवलं तरी पुरे.

झाकण आपोआप खाली येतंय?

दोन्ही भाग मिळून अशा कव्हरचं वजन पाव किलोच्या आसपास जातं. एम१ एअर आहे १.२९ किलोची, आणि तिचा हिंज फक्त पातळ झाकण पेलायला बनलाय. रोजच्या उघडझाकीत वरचं जादा वजन तोच सोसतो. झाकण साधारण अर्धं उघडून हात सोडा. ते हळूहळू घसरत असेल तर वरचं कव्हर आजच उतरवा.

वरच्या क्लिपा जाड असतील तर झाकण पूर्ण मिटतही नाही. लॅपटॉप झोपत नाही, बॅगेत जागाच राहतो आणि ऑफिसमध्ये पोहोचल्यावर बाहेर काढला की तव्यासारखा गरम. लोक सॉफ्टवेअर बदलून थकतात, कव्हरकडे कोणी बघत नाही. कॅमेऱ्यावर चिकटवायच्या शटरचंही तेच. ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे प्रिंटरच्या साध्या कागदापेक्षा, जाड काही कॅमेऱ्यावर लावू नका असं ॲपलचंच सांगणं आहे. झाकण मिटलं की तो दाब सरळ काचेवर येतो.

फुगलेली बॅटरी कव्हरखाली दिसत नाही

माझ्या हिशेबी कव्हरचा सगळ्यात मोठा गुन्हा हाच. एक काका आले, लॅपटॉपला दोन जाड रबरबँड लावलेले. "अरे बाबू, कव्हर वाकडं झालं वाटते, नीट बसूनच नाही राहिलं." टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डुलत होता आणि ट्रॅकपॅड क्लिकच होत नव्हता. कव्हर सरळच होतं. आतली बॅटरी फुगून तळ बाहेर आला होता, आणि काका तो महिनाभर रबरबँडने दाबून ठेवत होते. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते, आत वायू साचतो आणि ती फुगते. उघडा लॅपटॉप असता तर तळाचा उंचवटा हाताला लागला असता.

म्हणून ट्रॅकपॅड कडक झाला, लॅपटॉप सपाट टेबलावर डुलायला लागला किंवा कव्हरची एखादी क्लिप उगाच सुटायला लागली, तर आधी कव्हर काढून तळ बघा. फुगवटा दिसला की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या. दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबात नाही.

ओरखडे आले कुठून?

"कव्हर असून ओरखडे कसे?" अहो, कव्हरमुळेच! शहरात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं, त्याचे बारीक कण आत शिरतात. चालताना कव्हर किंचित हलत राहतं आणि आतला कण सॅंडपेपरचं काम करतो. कोपऱ्यांवर क्लिप बसते तिथला रंग आधी जातो. महिन्यातून एकदा कव्हर काढून दोन्ही बाजू किंचित ओल्या मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा आणि कोरडं झाल्यावरच परत घाला.

चहा सांडला तर? बंद करा, चार्जर काढा आणि लगेच कव्हर उतरवा. तळ आणि कव्हर यांच्यामध्ये पाणी अडकून बसतं आणि फटींमधून आत मुरत राहतं.

कव्हर काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका. खालचा भाग आधी काढा: लॅपटॉप उलटा ठेवून पुढच्या कोपऱ्याची क्लिप अंगठ्याने बाहेर ढकला. वरचा भाग काढताना एका हाताने झाकण धरून ठेवा आणि कोपऱ्यातूनच सुरुवात करा. मधून ओढलं की पातळ स्क्रीन वाकते. रोज काढ-घाल हाही उपाय नाही, त्यात क्लिपा तुटतात आणि स्क्रीनवर रोज ताण येतो.

तरीही कव्हर हवंच असेल तर तळावर बारीक अक्षरात लिहिलेला मॉडेल नंबर बघून घ्या. '१३ इंची एअर' एवढं सांगून चालत नाही. ए२३३७ आणि ए२६८१ या दोन्ही त्या आकाराच्या एअरच, पण पहिली एम१ची, दुसरी एम२ची आणि बॉडी वेगळी. एकीचं कव्हर दुसरीला बसत नाही. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला फक्त झाकणावर पातळ स्किन आहे आणि बाहेर नेताना फोमची स्लीव्ह.

त्या मुलीने तिचं गुलाबी कव्हर काउंटरवरच सोडलं. खालच्या भागात मी आता उघडलेल्या लॅपटॉपचे स्क्रू ठेवतो.