आपला संघ प्रीमियरशिप जिंकेल का, हे कसे पारखावे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ज्या घरांमधली मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मेलबर्नला गेली, त्यांतल्या काही घरांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा नाद लागला आहे; तिथल्या विजेतेपदाला प्रीमियरशिप म्हणतात. लेक ज्या भागात राहते तिथला संघ आईवडिलांचाही होऊन बसतो, आणि जुलै उजाडला की नौपाड्यात काय किंवा नेरुळमध्ये काय, "यंदा प्रीमियरशिप आपलीच" म्हणणारे आणि "छे हो, पहिल्याच आठवड्यात गाशा गुंडाळतील" म्हणणारे असे दोन तट पडतात. हा वाद पुराव्यानिशी घालायचा असेल, तर संघ किती चांगला आहे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, त्याला सप्टेंबरमधल्या बाद फेरीत कोणत्या वाटेने जावे लागणार आहे, याचा विचार आधी करावा.

नव्याने नाद लागलेल्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये गुणतक्त्यात पहिला येणारा संघ विजेता असतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एएफएलमध्ये, तसे नाही. तिथे 18 क्लब प्रत्येकी 23 सामने खेळतात, विजयाला 4 गुण आणि बरोबरीला 2 गुण मिळतात, आणि त्यातून जो तक्ता तयार होतो, ज्याला तिथे लॅडर म्हणतात, तो केवळ या बाद फेरीचे, म्हणजे फायनल्सचे, दार उघडून देतो. प्रीमियरशिप मिळते ती ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, जिंकणाऱ्यालाच.

आता ती वाट कशी आहे ते पाहू. ज्यांनी आयपीएलचे प्लेऑफ पाहिले आहेत, त्यांना हे चटकन कळेल: तिथे पहिले दोन संघ हरले तरी त्यांना आणखी एक संधी मिळते, तशी एएफएलमध्ये ती पहिल्या चार संघांना मिळते. पहिल्या आठवड्यात पहिला संघ चौथ्याशी आणि दुसरा तिसऱ्याशी खेळतो. जिंकणाऱ्याला एक आठवडा विश्रांती आणि पुढचा सामना यजमान म्हणून मिळतो, तर हरणाऱ्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा उभे राहता येते. पाचव्यापासून खालच्या संघांना मात्र एक पराभव म्हणजे घरी परत. 2026 पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना त्याआधी आणखी एक सामना जिंकावा लागतो, म्हणजे त्यांची चढण अजूनच उभी झाली आहे.

या रचनेचा परिणाम किती होतो, हे आकड्यांतून दिसते. 2000 ते 2025 या काळातल्या 26 विजेत्यांपैकी 24 संघ पहिल्या चारांतले होते. अपवाद दोनच. 2016 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून आले, पर्थ, मेलबर्न आणि सिडनी अशी वणवण करत ग्रँड फायनलला पोहोचले आणि 1954 नंतरची पहिली प्रीमियरशिप घेऊन गेले. 2024 मध्ये ब्रिस्बेन पाचव्या क्रमांकावरून जिंकले, आणि त्या वाटेवर ते एका सामन्यात 44 गुणांनी मागे पडले होते. आपला संघ सहावा किंवा सातवा असताना कोणी बुलडॉग्जचे उदाहरण तोंडावर फेकले, तर ते खोटे नाही, पण 26 वर्षांत तसे किती वेळा घडले, हे शांतपणे विचारावे. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: याच 26 वर्षांत लॅडरवर पहिला आलेला संघ केवळ 9 वेळा जिंकला. 2025 मध्ये ॲडलेड पहिले आले आणि फायनल्समधले दोन्ही सामने स्वतःच्याच मैदानावर हरून बाहेर पडले. तेव्हा "आपण पहिले आहोत" एवढ्यावर पेढे वाटू नयेत. पहिल्या चारांत असणे ही अट मानावी, त्यापुढचा क्रमांक शोभेचा समजावा.

दुसरी पारख टक्केवारीची. लॅडरच्या शेवटच्या रकान्यांमध्ये पर्सेंटेज नावाचा जो आकडा असतो, त्याकडे घरोघरी दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते संघाची खरी ताकद तिथेच लपलेली असते. हिशेब सोपा आहे: संघाने केलेल्या एकूण गुणांना त्याच्याविरुद्ध झालेल्या एकूण गुणांनी भागावे आणि 100 ने गुणावे. समजा, एखाद्या संघाने 12 सामन्यांत 1,080 गुण केले आणि 900 दिले, तर त्याची टक्केवारी 120 झाली. विजय बरेच असूनही टक्केवारी शंभराच्या आसपास रेंगाळत असेल, तर तो संघ थोडक्यात जिंकत आला आहे आणि हरतो तेव्हा सपाटून हरतो, असे समजावे. 2022 चे कॉलिंगवूड या प्रकारातले होते: चौथा क्रमांक, पण टक्केवारी शंभरापेक्षा थोडीशीच वर, शेवटी सिडनीविरुद्ध एका गुणाने त्यांची ग्रँड फायनल हुकली.

टक्केवारी वाचताना कोणाशी सामने झाले, हेही पाहावे. 17 प्रतिस्पर्धी आणि 23 सामने, म्हणजे सहा संघांशी दोनदा गाठ पडते. ते सहा जर तळाचे असतील, तर टक्केवारी फुगलेली असते. यावर सोपा उपाय असा, की फक्त वरच्या आठ संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून तेवढ्यांचीच टक्केवारी मांडावी. चहा निवेपर्यंत हे काम होते आणि वादातली निम्मी वाफ तिथेच निघून जाते.

धावफलक कसा वाचावा, हेही ज्येष्ठ मंडळींना समजावून द्यावे. मधल्या दोन उंच खांबांमधून मारलेला गोल 6 गुणांचा, आणि बाजूच्या खांबांमधून गेलेला चेंडू, म्हणजे बिहाइंड, 1 गुणाचा. 2008 च्या ग्रँड फायनलचा निकाल पाहा: हॉथॉर्न 18.7 म्हणजे 115, जिलाँग 11.23 म्हणजे 89. पहिला आकडा गोलांचा, दुसरा बिहाइंडचा. जिलाँगच्या खात्यात 34 नोंदी आणि हॉथॉर्नच्या खात्यात 25, तरीही जिलाँग 26 गुणांनी हरले. आणि हा तो संघ होता, ज्याने त्या वर्षी साखळीत 22 पैकी 21 सामने जिंकले होते. त्या 23 बिहाइंडपैकी 11 वेळा चेंडू बचावपटूंच्या हातूनच रेषेपलीकडे गेला होता, आणि मुद्दाम तसे करण्याला पुढच्याच वर्षी नियमाने आळा घातला गेला. सांगायचे ते इतकेच, की आपला संघ सलग काही आठवडे गोलांपेक्षा बिहाइंड जास्त करत असेल, तर "संधी तर मिळताहेत ना" या समाधानात राहू नये.

मैदानाचा मुद्दा वादात फार ताणला जातो. ग्रँड फायनल मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच होते, लॅडरवर कोणीही वर असो. करोनाच्या काळात 2020 मध्ये ती ब्रिस्बेनला आणि 2021 मध्ये पर्थला नेली होती, अलीकडच्या काळातले एवढेच अपवाद. सिडनीने 2022 मध्ये तिथे 81 गुणांनी आणि 2024 मध्ये 60 गुणांनी मार खाल्ला, म्हणून बाहेरच्या संघांना तिथे जिंकता येत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण 2024 मध्ये त्यांना हरवणारे ब्रिस्बेनही बाहेरचेच, आणि 2025 मध्ये त्यांनी त्याच मैदानावर जिलाँगला 47 गुणांनी हरवून पुन्हा प्रीमियरशिप घेतली. मैदानाला वजन द्यावे, पण शेवटचे.

आता प्रत्यक्ष वादाविषयी. वाशीतले एखादे काका "पोरांमध्ये यंदा वेगळीच धमक आहे" असे म्हणाले, तर त्यांच्याशी त्या शब्दावर भांडत बसू नये. "काका, तुमचं म्हणणं कागदावर घेऊ या का? बाविसाव्या फेरीपर्यंत आपण पहिल्या चारांत असू आणि टक्केवारी 115 च्या वर असेल, असं लिहू?" असे विचारावे. काका बहुधा 110 वर तडजोड करतील; करू द्यावी. आपल्याही बाजूने, कोणती गोष्ट घडली तर आपण मत बदलू, हे त्याच कागदावर लिहावे. असे न केल्यास प्रत्येक विजयानंतर एक तट फुगतो, प्रत्येक पराभवानंतर दुसरा, आणि बोलणे जागचे हलत नाही.

चुरशीच्या सामन्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मोकळाच राहतो. 2023 मध्ये कॉलिंगवूडने फायनल्समधले तिन्ही सामने अनुक्रमे 7, 1 आणि 4 गुणांनी जिंकले. बारा गुणांची ही एकूण आघाडी म्हणजे दोन गोल. त्यांची टक्केवारी तोवर चांगली सुधारली होती हे खरे, पण त्यात नशिबाचा वाटा नव्हता, असे कोणी शपथेवर सांगू नये.

वेळापत्रकही ध्यानात ठेवावे. ग्रँड फायनल साधारणतः सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी अडीचला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी दहाला. सोसायटीच्या हॉलसाठी त्या दिवशीची मागणी आधीच नोंदवावी, कारण तोच काळ कधीकधी नवरात्राचा असतो. 2025 मध्ये तर फायनल्सच्या पहिल्याच आठवड्यातला शनिवार अनंत चतुर्दशीला आला होता. संघाची यादी जाहीर झाल्याशिवाय अंतिम मत देऊ नये. 2025 च्या ग्रँड फायनलला ब्रिस्बेनने दुखापतीतून परतलेल्या लॅकी नीलला आधी राखीव बसवले आणि नंतर मैदानात उतरवले; 2025 पर्यंत यादीत नाव आहे का, एवढे पाहून भागत नसे, खेळाडू सुरुवातीपासून खेळणार की राखीव बसणार, तेही वाचावे लागे.