जुनी बोलेरो-स्कॉर्पिओ घ्याच्या आधी मी काय काय पाहतो

कापूस-तूर विकून हातात पैसे आले की आपल्याकडं दरवर्षी हेच चालते, घरात कोणाचं लग्न असते नाहीतर आईबाबांना नागपूरच्या दवाखान्यात न्यायची अडचण असते, मग ठरते की एक मोठी गाडी घेऊनच टाकू, नवी परवडत नाही तर जुनी पाहू. यंदा ओळखीतल्या तिघांनी मला फोन करून हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. मी मिस्त्री नाही, पण आजपर्यंत चार जुन्या गाड्या घेतल्या अन् पाहुण्यांसोबत पंचवीस-तीस तरी पाहून आलो.

सगळे पहिले विचारतात, किती चालली? मी हे शेवटी विचारतो. मीटर मागं करता येते, त्याला वेळही लागत नाही. पण गाडीचं अंग घासलेलं असते ते कोणी मागं करू शकत नाही. ब्रेक अन् क्लचच्या पायडलचं रबर पाहा, गियरच्या मुठीवरचे नंबर पुसले का पाहा, स्टेअरिंग कुठं गुळगुळीत झालं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसली का ते पाहा. मीटर ७० हजार दाखवते अन् पायडलचं रबर एका बाजूनं लोखंडापर्यंत गेलं, तर काहीतरी गडबड आहे. रबर एकदम नवं कोरं असेल तरी विचारा का बदललं. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर गाडीमालकाला सोबत घेऊन तिथं जा, गाडी नंबरवरून जुनी हिस्ट्री निघते, कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते ते सगळं कळते.

वणीकडं एक गाडी पाहायला गेलो होतो. सीटकव्हर नवे, मॅट नव्या, बाहेरून पॉलिश मारलेली, मालक म्हणे "घरगुती वापर आहे भाऊ, पोरं शाळेत सोडायची." मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला अन् पूर्ण ओढला, अगदी अडकेपर्यंत. शेवटचा वीतभर पट्टा बोटांवर काळा उतरला. माती नाही ती, कोळशाची भुकटी, चिमटीत चोळली तर चमकते. मग मागची मॅट उचलली, खालच्या कार्पेटमधे तेच. गाडी खाणीच्या कामावर भाड्यानं लागलेली होती, पाटी पांढरी, म्हणजे खाजगी गाडीची, असली तरी. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यातल्या गाड्या वाईटच असतात असं मी म्हणत नाही, पण खाणीच्या रस्त्यावर दिवसभर धूळ खाणारी गाडी अन् महिन्यातून दोनदा शेगावला जाणारी गाडी, दोन्हीचे किलोमीटर सारखे असले तरी इंजिन सारखं राहत नाही. धूळ एअर फिल्टरमधून आत गेली की पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) घासतात, चाकाच्या जोडातले रबरी बुश, बॉल जॉइंट, क्लच सगळं लवकर जाते. म्हणून गाडी कोणाच्या हातात अन् कोणत्या रस्त्यावर होती हे कळल्याशिवाय मी पुढचं बोलत नाही. शेजाऱ्याला विचारा, गावातल्या पंक्चरवाल्याला विचारा, तो खरं सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी थंड पाहायची. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी सकाळी सहा-साडेसहाला येतो, माझ्याआधी चालू करू नका, अन् गेल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. माझी पहिली सात सीटर मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या विक्रेत्याकडून घेतली तेव्हा मी पोचलो तर गाडी आधीच चालू होती, म्हणे ऊन आहे न साहेब, तुमच्यासाठी एसी लावून ठेवला. मला ते चांगलंच वाटलं. मे महिन्यात घरचे सात जण घेऊन शेगावला निघालो, कारंजा सोडून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागलो अन् टेंपरेचरचा काटा वर चढला तो खाली येईचना. आई दोन तास बाभळीच्या सावलीत बसली होती, शुगरची पेशंट, पाणी संपलेलं. इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील म्हणजे हेड गॅस्केट गेलं होतं, हेड वाकलं होतं, त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे सगळे त्या दुरुस्तीत गेले. अन् हे मला सकाळच्या पाच मिनिटांत दिसलं असतं.

ते असं. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना चुकूनही नाही, वाफ तोंडावर येते), काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, तिथं कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. कूलंट हिरवं, लाल जे असेल ते स्वच्छ पाहिजे. गंजाचं तांबडं पाणी असेल तर मालकानं साधं पाणीच भरून चालवली. वर तेलाचा तवंग दिसला तर तिथंच राम राम करा. मग झाकण उघडंच ठेवून सेल्फ मारायला लावा अन् पाहत राहा, सुरुवातीला थोडी हवा निघते ते ठीक, पण बुडबुडे थांबतच नसतील, रेस केल्यावर वाढत असतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येऊन राहिला, म्हणजे हेड गॅस्केट. ऑइलची गेज काढून पाहा, डिझेल गाडीचं ऑइल काळं असतेच त्याला घाबरू नका, पण दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी मिसळलं.

त्यानंतर चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण ढिलं करून उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालते. उडून पडलं, भकाभका धूर आला तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते आहे, रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागते. धुराचंही पाहून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं, रिंगा नाहीतर टर्बो नाहीतर व्हॉल्व्ह सील. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त अन् हवा कमी, कधी नुसता एअर फिल्टर असते, कधी इंजेक्टर (डिझेल फवारणारा पार्ट). थंडीत सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात गेला पाहिजे, इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा येतच असेल तर पाणी जळून राहिलं किंवा इंजेक्टर खराब आहे. कॉमनरेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजिनचे चार इंजेक्टर एकदम बदलायची वेळ आली तर जुन्या गाडीला ते लय महागात पडते, म्हणून अशा गाडीला स्कॅनर लावणारा मिस्त्रीच सोबत न्या. आपला मिस्त्री, विकणाऱ्याचा नाही, अन् त्याला दिवसाची मजुरी द्या, फुकटात नेलेला माणूस घाईत पाहते.

ट्रायल मारायची तर गावाला एक चक्कर मारून काही कळत नाही. पंचवीस-तीस किलोमीटर चालवा, पाच-सहा माणसं बसवून, एसी फुल, अन् जमलं तर भर दुपारी. आपल्याकडं अकोला-चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, तिथं टिकली तर गाडी टिकली. चाळीसच्या स्पीडला चौथ्या गियरवर जोरात रेस करा, इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही तर क्लच प्लेट गेली. साठ-सत्तरला पाय काढला की मागून घूं आवाज येते का ऐका, मागच्या डिफ्रन्शियलचा (मागची चाकं फिरवणारा गियरचा गोळा) असू शकते. गियर टाकून क्लच सोडला की खट्ट होते का, तो बहुतेक प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचा, क्रॉस जोड. मग काच वर, गाणे बंद, अन् पांदण रस्त्यावर घाला, समोरचे बुश वाजले की लगेच कळते. यातलं बुश, क्लच, क्रॉस हे सगळं दुरुस्त होते, भावात कमी करून घ्या. इंजिन अन् चेसिसमधे (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) मात्र मी भाव करत नाही, सोडून देतो.

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, सफारी, इनोव्हा, या जुन्या गाड्यांची बॉडी वेगळ्या चेसिसवर बसवलेली आहे. बॉडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर त्याचं एवढं काही नाही, पण चेसिस वाकलेली, वेल्डिंग केलेली दिसली तर विषय संपला. त्यासाठी गाडी रॅम्पवर घ्या अन् आधी खालून धुऊन घ्या, आपली काळी माती चेसिसच्या कोपऱ्यात बसून राहते, ओल धरते अन् तिच्याखालीच गंज असते. खालून ताजा काळा पेंट मारलेला असेल तर मला जास्त शंका येते. चेसिस नंबर स्वतः हातानं पुसून आर्सीशी जुळवा. काचांवर कंपनीचा वर्षाचा कोड असते, सगळ्या काचा एका वर्षाच्या अन् एक वेगळी म्हणजे ती बाजू कधीतरी ठोकली. बोनेट अन् दाराच्या बिजागरीच्या बोल्टवरचा पेंट उडालेला असेल तर पाना लागलेला आहे. टायरवर चार आकडे असतात, ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा, खाच कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी बदलायचाच धरतो.

पुराची गाडी हा आता आपल्याकडंही प्रश्न आहे. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नागपुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीटखालचे रेल गंजलेले, डॅशबोर्डच्या खाली हात घातला तर गाळ, हेडलाइटमधे पाण्याची रेघ, ओलसर कुबट वास दाबायला भरपूर सेंट, हे दिसलं तर पैसे कितीही कमी असू द्या, वायरिंगचा ताप संपत नाही.

मॉडेलबद्दल माझं मत साधं आहे, तालुक्याच्या दुकानात पार्ट मिळाला पाहिजे. बोलेरो २००० पासून रस्त्यावर आहे, स्कॉर्पिओ २००२ पासून, त्यांचं काम कोणताही मिस्त्री करते. शेवरोलेनं २०१७ मधे भारतात विक्री बंद केली, फोर्डनं २०२१ मधे इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, गाड्या दणकट आहेत पण पार्टसाठी नागपूर-मुंबई फोन करत बसायची तयारी पाहिजे. जुनी डिझेल इनोव्हा किंवा डस्टर पाहत असाल तर टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालावर चालवणारा पट्टा) कधी बदलला ते बिलासकट विचारा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा, तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

कागदात पहिले आर्सीची तारीख. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढं आरटीओत गाडी दाखवून, ग्रीन टॅक्स भरून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. म्हणजे चौदा वर्षांची गाडी घेतली तर तो खर्च अन् धावपळ तुमच्या डोक्यावर. डीएल पासिंगची गाडी स्वस्त का मिळते तेही समजून घ्या, दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचा आदेश झाला म्हणून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन इकडं येतात, इथं पुन्हा टॅक्स भरावा लागते, तो धरून हिशेब करा. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, विमा, चालान, फायनान्सचा बोजा पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी अन् बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी असेल तर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागली का तेही पाहा.

पैशाचं मी असं करतो. पाच लाख असतील तर गाडी सव्वाचारपर्यंतचीच पाहतो, उरलेल्यात आल्याबरोबर सगळे ऑइल, फिल्टर, कूलंट, बेल्ट, होज पाइप, बॅटरी अन् लागले तर टायर. अन् मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या तरी पूर्ण रक्कम देत नाही, वीस-पंचवीस हजार मागं ठेवून तसं कागदावर दोघांच्या सहीनं लिहून घेतो, आर्सीवर माझं नाव चढलेलं ॲपमधे दिसलं की त्याच दिवशी नेऊन देतो.