एमपीएचला जायचंय? आधी सेंट्रलचा दाखला काढा

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडे उपकेंद्रात किंवा पीएचसीत काम करणारी, नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुलंमुली हल्ली मला एमपीएचबद्दल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्स पदवीबद्दल, विचारतात. एमपीएच कशाशी खातात हे त्यांना ठाऊक असतं. एमडी कम्युनिटी मेडिसिन वेगळं, ते एमबीबीएसनंतर, नीट-पीजीसारख्या परीक्षेतून. एमपीएचचं दार आपल्यासारख्यांनाही उघडं आहे, काही ठिकाणी तर कुठल्याही शाखेच्या पदवीधराला. मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), पुद्दुचेरीचं जिपमर, चंदीगडचं पीजीआय, आयसीएमआरची चेन्नईतली एपिडेमिऑलॉजी संस्था, तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र ही नावं प्रत्येकाच्या वहीत असतात. टिसचा रस्ता आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जातो, बाकीच्यांचे आपापले नियम. ते सगळं माहितीपत्रकात मिळतं, त्यात मी वेळ घालवत नाही.

मला सांगायचंय ते त्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर, परिशिष्टात असतं आणि तिथवर कुणी पोचत नाही. जातीच्या दाखल्याचा केंद्र सरकारी नमुना.

मी बंजारा. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जाती, व्हीजे-ए. शाळेच्या दाखल्यापासून नर्सिंगच्या प्रवेशापर्यंत मी हेच लिहीत आले. केंद्राच्या यादीत मात्र व्हीजे, एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असं काही नसतंच. तिथे एससी, एसटी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), बस. बंजारा तिथे ओबीसीत, आपल्याकडे एनटीत असलेला धनगर तिथे ओबीसीत, कुणबी दोन्हीकडे ओबीसी. ऑनलाइन अर्जात ओबीसी निवडता येतं, कोणी अडवत नाही. अडवतात ते शेवटी.

माझं नाव एका केंद्रीय संस्थेच्या ओबीसी यादीत आलं होतं. पडताळणीच्या टेबलावर मी फाईल उघडली. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, आणि बाबांनी किती हेलपाटे घालून मिळवलेली व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र. समोरच्या मॅडमनी तिन्ही कागद एकदा पुढून, एकदा मागून पाहिले आणि विचारलं, "सेंट्रल फॉर्मॅटवालं कुठाय?" व्हॅलिडिटी त्यांनी वाचलीही नाही, कारण केंद्राला ती लागतच नाही. आपल्याकडे जिच्यासाठी अख्खं घर झुरतं तो कागद तिथे नुसता फाईलचं वजन वाढवत होता. सेतूत मी आधी विचारलं होतं. "ताई, सगळीकडे हेच चालते," असं उत्तर मिळालं होतं. खुल्या यादीत माझे गुण बसत नव्हते. दोन दिवसांची मुदत दिली, पण दोन दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याची सही कुठून येणार? ती जागा गेली. आजही ते टेबल आठवलं की जीव तुटतो, म्हणून हे इतकं खोलात जाऊन सांगते आहे.

केंद्राचा ओबीसी दाखला हा एकच कागद असतो. जात आणि क्रिमिलेयरमध्ये नसणं, दोन्ही त्याच पानावर. आपल्याकडे हे दोन वेगळे दाखले असतात. केंद्राच्या कागदावर तुमची जात भारत सरकारच्या कोणत्या अधिसूचनेने ओबीसी ठरली त्याचा क्रमांक आणि तारीख असते, आणि खाली कार्मिक विभागाच्या 8 सप्टेंबर 1993 च्या कार्यालयीन ज्ञापनाचा उल्लेख असतो. तुमच्या हातातल्या कागदावर 1993 ची ही तारीख नसेल, तर तो बहुधा राज्याचाच आहे. आधी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची केंद्रीय यादी उघडा आणि आपली जात, पोटजात तिथे ज्या स्पेलिंगने आहे ते उतरवून घ्या. राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्याही असेलच, असं धरू नका. मग परिशिष्टातला नमुना छापून दाखल्याच्या अर्जासोबत जोडा आणि सेतूत टेबलावर बसलेल्या माणसाला बोट ठेवून दाखवा, "भाऊ, हा नमुना पाहिजे."

उत्पन्नाचंही नीट ऐका. मर्यादा 8 लाखांची आहे, पण केंद्राच्या कसोटीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. वडील जिल्हा परिषदेत शिक्षक आहेत म्हणून आपलं निघणारच नाही, असं समजून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तसं नसतं. आईवडिलांचं पद वर्ग एक किंवा दोनचं असेल तर मात्र वेगळा नियम लागतो, तो वाचा.

तिसरी गोष्ट तारखेची. बऱ्याच संस्थांना चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतरचा दाखला लागतो. सीयूईटीचा अर्ज हिवाळ्यात, परीक्षा मार्चमध्ये आणि प्रवेश पावसाळ्यात, म्हणजे मधे वर्ष बदलतं. अर्जाच्या वेळी काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी जुना ठरू शकतो. राज्याचं नॉन-क्रिमिलेयर तीन वर्षांचं मिळालं असेल तरी त्याने इथे भागत नाही. एप्रिल उजाडला की नवीन अर्ज टाका. मे-जूनमध्ये दहावी-बारावीची सगळी पोरं तहसीलला असतात, त्या गर्दीत सापडू नका.

मराठा समाजातल्या मुलामुलींनी एवढं लक्षात ठेवा की राज्याचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आरक्षण केंद्रात चालत नाही. तिथे ईडब्ल्यूएस, तेही केंद्राच्या नमुन्यात, आणि त्यात पगार, शेती सगळं उत्पन्न धरतात. घराकडे 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर ईडब्ल्यूएस मिळत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू 5 एकरात काय पिकतं ते सगळ्यांना माहीत आहे, मला हा नियम अन्यायाचा वाटतो. पण आज नियम तो आहे.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. हे काम किचकट आहे, अवघड नाही. एकदा बरोबर कागद हातात आला की पुढचा भाग आपल्या बाजूचा आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही.

शहरातल्या चांगल्या कॉलेजची मुलं मुलाखतीत समाजसेवेची आवड सांगतात. तुम्ही ते सांगू नका. तुमच्याकडे ड्यू लिस्ट आहे, लस द्यायची राहिलेल्या बाळांची यादी. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या उपकेंद्रात ठरलेल्या दिवशी लसीकरणाला बाया यायच्याच नाहीत. सकाळी सातला ऑटोत बसून वेचायला जायच्या, मूल आजीजवळ. आजी म्हणायची, "सुनेले इचारल्याशिवाय सुई कशी द्याची?" रजिस्टरमध्ये त्या बाळांपुढे सरसकट "पालकांचा नकार" पडायचा. तो नकार नव्हता, मजुरीचा दिवस होता. मी प्रवेशासाठी द्यायच्या माझ्या उद्देशपत्रात एवढंच लिहिलं: कोणत्या महिन्यांत किती बाळं राहिली, किती पैकी राहिली, आणि सत्र संध्याकाळी घेतलं तर काय होईल हे मला शिकून मोजायचं आहे. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्यावरच गेला. "किती पैकी?" हा प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतो. सिकलसेलचे इतके पॉझिटिव्ह सापडले, असं कौतुकाने सांगाल तर पुढचा प्रश्न येईल, तपासले किती? सॉल्युबिलिटी या पहिल्या चाळणी तपासणीनंतर पक्क्या तपासणीपर्यंत पोचले किती? सहा महिन्यांच्या आतल्या बाळांची सॉल्युबिलिटी का भरवशाची नाही? हे तुम्हाला येतं, कारण तुम्ही ते हाताने केलंय. फक्त आकड्यांत बोलायची सवय लावा.

वाचायचं म्हणाल तर आपल्याच भागातलं वाचा. बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेचा गडचिरोलीतला घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून काम केलं, 47 गावं तुलनेसाठी ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात सुमारे 62 टक्क्यांची घट दिसली. आज आशाताई बाळाला पाहायला घरी येते, त्यामागे हे काम आहे. तो निबंध जाड पुस्तकांच्या आधी वाचा. तुलनेची गावं का लागतात हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या क्लासमध्ये मला कळलं नाही.

क्लासबद्दल माझं मत कडक आहे. सीयूईटीसाठी जुने पेपर आणि रोजचे दोन तास पुरतात. तयार उद्देशपत्र विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका. नागपूरच्या एका कन्सल्टन्सीने माझ्या मैत्रिणीला दिलेल्या पत्रात तिचं गाव समुद्रकिनाऱ्यावर होतं. घरबसल्या एमपीएच देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. फील्डशिवाय हे शिक्षण अपुरं आहे.

शिफारसपत्र मोठ्या नावाकडून घेऊ नका. ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय त्या मेडिकल ऑफिसरकडून घ्या आणि त्यांना दोन-तीन प्रसंग लिहून द्या, नाहीतर "मेहनती व प्रामाणिक" एवढ्यावर पत्र संपतं. आणि खरा गुरू विचाराल तर मी वीस-बावीस वर्षं तांडे तुडवलेल्या आमच्या एएनएम सिस्टरचं नाव घेईन. मुलाखतीत मी दिलेली अर्धी उत्तरं त्यांच्याकडून आलेली होती.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या बहुतेक एमपीएचचा अर्ज सोफास या सामाईक संकेतस्थळावरून एकत्र जातो. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ओबीसी, व्हीजेएनटी मुलांसाठी राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि तिथे मात्र राज्याचेच दाखले चालतात. म्हणून जुनी फाईल टाकू नका. दोन वेगळ्या फायली करा, एक राज्याची, एक केंद्राची.

कंत्राटी नोकरीत असाल तर ना हरकत पत्र आणि अनुभवाचा दाखला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून निकालाआधीच मागून ठेवा. त्यावर रुजू झाल्याची तारीख, पदाचं पूर्ण नाव आणि जावक क्रमांक आहे का ते तिथेच उभं राहून तपासा. पुन्हा येईन म्हणून निघालात तर साहेब दौऱ्यावर असतात.